कचेऱ्या वसल्या, माणसांनी वसायचे कोठे?

बंगळुरूच्या ‘नम्म मेट्रो’ची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी खुली झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या १९ किलोमीटरांहून किंचित लांब मार्गावर १६ स्थानके आहेत आणि त्यासाठी सुमारे ७,१६० कोटी रुपये खर्च झाले. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या आणि सिल्क बोर्डच्या चौकात वर्षानुवर्षे खोळंबणाऱ्या माणसांना तिचा दिलासा मोठा आहे. याच होसूर रस्त्यावर २०१० मध्ये सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत पथकर मार्ग झाला होता. दीड दशकातील या दोन मोठ्या गुंतवणुका एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : नोकरदाराला कचेरीपर्यंत लवकर कसे पोहोचवावे? तो राहतो कोठे, किती भाड्यात, किती दाटीत, हा प्रश्न मात्र बाजारावर सोडून देण्यात आला.

परदेशांनी घरटंचाईवर काय उपाय केले, याची चर्चा आपल्याकडे सिंगापूरच्या उंच इमारतींची छायाचित्रे दाखवून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. इमारतींची नक्कल सोपी असते. ज्या व्यवस्थेतून त्या उभ्या राहिल्या, ती उभारणे अवघड. ज्या शहरांनी टंचाई खरोखर कमी केली, त्यांनी रोजगार, वाहतूक आणि निवास यांचा हिशेब एकाच वहीत मांडला आणि शहर वाढल्याने जमिनीचे जे मूल्य वाढते, त्यातला वाटा घरांकडे वळवला. इलेक्ट्रॉनिक सिटीत या तिन्हींच्या वह्या निरनिराळ्या राहिल्या. म्हणूनच परदेशी अनुभव तपासून पाहण्यासाठी ही वसाहत चांगले उदाहरण आहे.

वह्या वेगळ्या कशा झाल्या

कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे केऑनिक्सने, १९७८ मध्ये कोनप्पना अग्रहार व दोड्डतोगूर या गावांतील ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. महामंडळाचे पहिले प्रमुख आर. के. बालिगा यांची ती कल्पना. पुढे सॉफ्टवेअर उद्योग आला, १९९४ मध्ये इन्फोसिस येथे स्थिरावली आणि शहराच्या दक्षिण टोकाची ही माळजमीन देशाच्या निर्यातीचे एक केंद्र बनली.

त्याआधीच्या बंगळुरूची रीत वेगळी होती. दूरवाणीनगरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, जलहळ्ळीत हिंदुस्थान मशीन टूल्स व भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक उद्योग आले, तेव्हा कारखान्याच्या आराखड्यातच कामगारांची घरे, शाळा आणि दवाखाना होता. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखान्याबरोबर गाव वसवले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने तेच केले. या वसाहतींचे दोषही स्पष्ट होते. घर नोकरीशी बांधलेले असल्याने नोकरी संपली की छप्परही जाई, आणि कंत्राटी कामगार बहुधा कुंपणाबाहेरच राही. तरीही माणूस कामाला येणार म्हणजे तो कोठे तरी निजणार, एवढा साधा विचार त्या नकाशांत होता. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नकाशात जमीन उद्योगासाठी होती. निवास हा तिचा उपयोग मानलाच गेला नाही.

ही फारकत पुढे कायद्यानेही पक्की झाली. ७४ व्या घटनादुरुस्तीतील एका परंतुकानुसार, जेथे उद्योगच नागरी सेवा पुरवतात, असा भाग ‘औद्योगिक नगरी’ म्हणून घोषित करून तेथे निवडून आलेली नगरपालिका न ठेवण्याची मुभा राज्यांना आहे. त्या आधारे २०१३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स सिटी इंडस्ट्रियल टाउनशिप ऑथॉरिटी’, म्हणजे ‘एल्सिटा’, अस्तित्वात आली. मालमत्ता कर गोळा करणे, रस्ते, दिवे व मलनिस्सारण सांभाळणे ही कामे तिच्याकडे आली, आणि तिने ती नेटकी केली हे तिच्या हद्दीत पाऊल टाकताच कळते. पण या हद्दीत कचेऱ्या पुष्कळ आणि रहिवासी नगण्य आहेत. त्या कचेऱ्यांत काम करणारे अभियंते, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, चालक, उपाहारगृहांतील मुले हे सारे हद्दीबाहेरच्या गावांत राहतात. कराचे मोठे उत्पन्न सीमारेषेच्या आत आणि पाणी, सांडपाणी, कचरा यांचा भार सीमारेषेच्या बाहेर, अशी ही वाटणी आहे. कराचा काही भाग शेजारच्या स्थानिक संस्थांना मिळतो. त्याने मूळ विषमता मिटत नाही.

मग घरे दिली कोणी? ती दिली पूर्वाश्रमीच्या शेतकऱ्यांनी. तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर चार-पाच मजले चढवून, खोल्यांत दोन-तीन खाटा टाकून ‘पीजी’ची जी अवाढव्य बाजारपेठ त्यांनी उभारली, तीच इलेक्ट्रॉनिक सिटीची खरी गृहनिर्माण संस्था आहे. सातारा, लातूर, अमरावतीहून पहिल्या नोकरीसाठी येणारा मराठी तरुण बहुधा याच खोल्यांत उतरतो. या बांधकामांतली बरीचशी नियमांच्या कडेवर आहेत. शेतजमिनीचा रीतसर अकृषिक वापर न करता पाडलेले भूखंड, ‘बी-खाता’ म्हणून वेगळ्या नोंदवहीत ठेवलेल्या मिळकती, अंगणाला जागा न सोडता भिडलेल्या भिंती हे सर्व तेथे आहे. सरकारने न केलेले काम त्यांनी केले, पण आगीचा बंब आत शिरेल असा रस्ता ते देऊ शकले नाहीत.

सरकारी गृहनिर्माण अगदीच झाले नाही असे नाही. कर्नाटक गृहनिर्माण मंडळाने आनेकल तालुक्यात चंदापूरच्या बाजूला सूर्यनगर वसवले. पण ती मुख्यतः भूखंडांची वसाहत. बंगळुरू विकास प्राधिकरणाचाही भर दशकानुदशके भूखंड वाटपावरच राहिला. सोडतीत नाव निघालेल्या कुटुंबाला बाजारभावाहून स्वस्त जमीन मिळते, पुढची सारी भाववाढ त्याची होते आणि सार्वजनिक जमीन कायमची हातची जाते. भाड्याने राहणाऱ्याला या वाटपात स्थान नाही.

टंचाई नेमकी कशाची?

केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशातील नागरी घरटंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी ठरवली. तीतील ९५ टक्क्यांहून अधिक वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा होता. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, यांपैकी सुमारे दीड कोटी कुटुंबे बेघर नव्हती. ती दाटीवाटीने राहत होती. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. टंचाई आणि रिकामी घरे एकाच वेळी असण्याचे कारण असे की, बांधली जातात ती विकण्यासाठी आणि गुंतवणुकीसाठी. लागतात ती भाड्याने आणि कामाजवळ.

बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची रीत जुनी आहे. वीस हजारांच्या घरासाठी दोन लाख रुपये आधी मोजावे लागतात. पहिल्या वर्षीच्या अभियंत्याला ते जड जातात. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला अशक्यच. त्याच्यासाठी उरते ती खाट. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेच्या अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याला बळ नाही.

व्हिएन्ना : जमीन न विकणारे शहर

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची अवस्था आपल्या गिरणगावाहून बरी नव्हती. निर्वासित, क्षय, आणि पाळीपाळीने एकाच बिछान्यावर निजणारे भाडोत्री, असे ते शहर होते. तेथील समाजवादी नगरप्रशासनाने १९२३ मध्ये गृहनिर्माण कर लावला. तो चढता होता. साध्या घरावर नाममात्र आणि आलिशान निवासावर जबर. त्या उत्पन्नातून आणि स्वस्तात घेतलेल्या जमिनीवर १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक सदनिका उभ्या राहिल्या. १९३० मध्ये खुले झालेले, किलोमीटरभर पसरलेले कार्ल मार्क्स हॉफ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध.

खरे वैशिष्ट्य पुढे आहे. नगराने ही घरे विकली नाहीत. युद्ध, फॅसिझम, परकीय ताबा असे सर्व सोसूनही ती सार्वजनिक मालकीत राहिली, आणि आज शहराकडे सुमारे २ लाख २० हजार सदनिका आहेत. मर्यादित नफ्याच्या गृहसंस्था धरल्या तर व्हिएन्नातील जवळजवळ निम्मे लोक नगराच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्यांत मध्यमवर्गही आहे. त्यामुळे ‘गरिबांची वस्ती’ हा शिक्का बसत नाही आणि देखभालीसाठी आवाज उठवणारे लोक इमारतीतच असतात. अलीकडे तेथील बांधकाम नियमांनी मोठ्या नव्या निवासी क्षेत्रांत सुमारे दोन तृतीयांश जागा अनुदानित घरांसाठी राखण्याची अट घातली. मुंबईच्या बीडीडी चाळी याच १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांपाशी आपण थांबलो. व्हिएन्नाने तेथून सुरुवात केली.

सिंगापूर : आदर्श आणि मर्यादा

सिंगापूरचे गृहनिर्माण मंडळ १ फेब्रुवारी १९६० रोजी स्थापन झाले. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी येथील झोपड्यांच्या आगीने हजारो लोक बेघर झाले आणि मंडळाने त्याच जागी वेगाने घरे उभी केली. आज तेथील सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक रहिवासी मंडळाच्या सदनिकांत राहतात. १९६८ पासून भविष्य निर्वाह निधीतून घराची रक्कम भरता येऊ लागली, आणि घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळत असल्याने जमीन अखेर राज्याचीच राहते.

पण या यशामागे १९६६ चा भूसंपादन कायदा आहे, ज्याने सरकारला बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी मोबदल्यात जमीन घेता आली. लोकशाही भारतात तो मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणेच योग्य. २०१३ च्या कायद्याने शेतकऱ्याला रास्त मोबदल्याचा हक्क दिला. बंगळुरूची अर्कावती वसाहत २००३ मध्ये अधिसूचित झाली आणि पुढे किती वर्षे न्यायालयांत अडकली, हे प्रशासनातील प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय सिंगापूरच्या इमारती बांधणारा परदेशी मजूर त्या घरांचा हक्कदार नाही. २०२० च्या महासाथीत त्याच्या गर्दीच्या वसतिगृहांचे वास्तव जगासमोर आले. नोकरदाराला घर आणि मजुराला खाट हा भेद तेथेही आहे.

जपान : रेल्वे, जमीन आणि साधे नियम

आपल्या परिस्थितीला जवळचे धडे जपानमध्ये आहेत. किर्लोस्करवाडी वसली त्याच १९१० साली ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीने एक विद्युत रेल्वेमार्ग सुरू केला. मार्गालगतची जमीन कंपनीने आधीच घेऊन ठेवली होती. इकेदा येथे तिने घरे बांधून हप्त्यांवर विकली. रेल्वेमुळे जमिनीचे मूल्य वाढले, जमिनीने रेल्वेचा खर्च उचलला, घरांनी प्रवासी पुरवले. हाच पुढचा हानक्यू उद्योगसमूह. हाँगकाँगच्या मेट्रोने स्थानकांवरील बांधकाम हक्कांतून असेच उत्पन्न मिळवले, पण ते शहर आजही जगातील सर्वांत महागड्या शहरांपैकी आहे. मूल्य मिळवणे ही निम्मी पायरी; मिळालेले मूल्य परवडणाऱ्या घरांत घालणे ही दुसरी, आणि ती आपोआप पडत नाही.

दुसरा धडा जमीन एकत्रीकरणाचा. विस्कळीत शेतांचे तुकडे एकत्र करून, रस्ते व उद्याने यांसाठी भाग काढून, उरलेले आखीव भूखंड मूळ मालकांना परत देण्याची पद्धत फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९०२ च्या कायद्यात होती. जपानने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. मुंबई इलाख्यातही १९१५ च्या नगररचना कायद्याने तीच वाट उघडली. गुजरातने ती जपली, महाराष्ट्राने बराच काळ बाजूला ठेवली. तरी पुण्याच्या हडपसरजवळ सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन एकत्र करून, स्वतःच भागधारक होऊन मगरपट्टा उभारले. तेथे माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आणि घरे एकाच आवारात आहेत. ती घरे सुस्थितांची आहेत हे खरे. पण शेतकऱ्याला बेदखल न करता काम आणि निवास जोडता येतो, एवढे तेथे सिद्ध झाले.

तिसरा धडा नियमांच्या साधेपणाचा. जपानमध्ये जमीन वापराचे मोजके प्रकार देशभर एकच आहेत. नियमात बसणाऱ्या इमारतीला परवानगी नाकारण्याचा स्थानिक अधिकार अगदी मर्यादित आहे, आणि निवासी भागात लहान दुकान वा भाड्याच्या खोल्या सहज चालतात. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक दाट बांधकामाला मुभा दिली, तेव्हा पुढच्या वर्षांत घरांच्या परवानग्या लक्षणीय वाढल्या. आपल्याकडे नियम पुष्कळ आणि कठोर आहेत. म्हणूनच ते मोडले जातात, आणि मोडल्यानंतर ‘नियमित’ करण्याची योजना येते.

जे घेऊ नये

परदेशांतून आणण्याजोगे आहे, तसे टाळण्याजोगेही आहे. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो वसाहतीत ३३ इमारती होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यास लोक तेथे राहायला आले आणि १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली. केवळ गरिबांना, देखभालीच्या निधीविना, एकत्र कोंबले की काय होते याचा तो धडा आहे. शहराबाहेर दूर बांधून रिकाम्या राहिलेल्या आपल्या जेएनएनयूआरएमच्या घरांनी त्यात अंतराचा दोष जोडला. बर्लिनने २०२० मध्ये भाडी गोठवली. हा अधिकार राज्याचा नाही, असे सांगून घटनापीठाने पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द केला. स्टॉकहोममध्ये नियंत्रित भाड्याचे घर मिळण्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. मुंबईकराला हे परके वाटू नये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर थांबवली. राहत्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण नवी भाड्याची घरे आटली आणि जुन्यांची डागडुजी थांबली. नियंत्रण हवे असेल तर त्याबरोबर पुरवठाही हवा.

इलेक्ट्रॉनिक सिटीत काय करता येईल

पहिली गोष्ट मेट्रोची. कोनप्पना अग्रहार, इलेक्ट्रॉनिक सिटी, हेब्बगोडी, बोम्मसंद्र या स्थानकांच्या चालण्याच्या अंतरातील जमिनीचा भाव सार्वजनिक पैशाने वाढला आहे. तेथे वाढीव चटईक्षेत्र देताना त्याचा ठरावीक भाग दीर्घ मुदतीच्या भाड्याच्या घरांसाठी राखण्याची अट घालता येईल. जी जमीन सरकारी संस्थांच्या हाती आहे, ती विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी.

दुसरी गोष्ट कराची. औद्योगिक नगरी आणि तिच्याभोवतीची वस्ती यांचा नागरी सेवांसाठी एकच आराखडा आणि एकच निधी असावा. २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. महानगराची फेरमांडणी होत असताना हा प्रश्न सोडवला नाही, तर तो पुन्हा एक पिढी लांबेल. उद्योगांना भीती वाटते ती नीट चाललेली व्यवस्था बिघडण्याची, आणि ती अनाठायी नाही. म्हणून ‘एल्सिटा’ मोडण्यापेक्षा तिच्या सेवांची हद्द कामगारांच्या वस्तीपर्यंत वाढवणे, आणि तेथील रहिवाशांना तिच्या कारभारात आवाज देणे अधिक शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट पीजींची. बंगळुरू महापालिकेने २०२४ मध्ये पीजींसाठी माणशी किमान जागा आणि पाणी यांचे निकष जाहीर केले. निकष योग्य आहेत. पण ते पाळण्यासाठी घरमालकाला कायदेशीर वाट आणि स्वस्त कर्ज मिळाले नाही, तर परिणाम एवढाच होतो की काही पीजी बंद पडतात आणि उरलेल्यांचे भाडे वाढते. अग्निसुरक्षा, जिना, उजेड, शौचालय यांवर तडजोड नसावी. बाकी बाबतीत छोट्या भूखंडावरील भाड्याच्या इमारतीला साधा, ठरावीक नियम असावा, आणि अरुंद गल्ल्यांसाठी एकत्रीकरणाची योजना मालकांच्या संमतीने आखावी.

चौथी गोष्ट खालच्या पायरीवरील कामगाराची. केंद्राची परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना २०२० मध्ये, टाळेबंदीत पायी गावी निघालेल्या मजुरांच्या दृश्यांनंतर आली. शेजारच्या तमिळनाडूने श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल येथे १८,७२० महिला कामगारांसाठी वसतिगृह उभारून २०२४ मध्ये ते खुले केले. ते घर नव्हे, वसतिगृह आहे, आणि कुटुंबाची गरज त्याने भागत नाही. पण कारखाना आणि निवारा यांचा विचार पुन्हा एकत्र होऊ लागला, याची ती खूण आहे.

हे सारे वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला हिंजवडी आठवेल. एमआयडीसीने उद्यान वसवले, हिंजवडी, माण, मारुंजी या गावांनी माणसे सामावली, आणि रस्ता, सांडपाणी, कचरा यांची जबाबदारी कोणाची याचा वाद कायम राहिला. तेथेही माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोकडे सर्व आशा लागल्या आहेत. बंगळुरूचा अनुभव सांगतो की मेट्रो आल्यावर कचेरीजवळचे भाडे चढते आणि कमी पगाराचा माणूस पुढच्या स्थानकाकडे सरकतो. हिंजवडीत स्थानकांलगतच्या जमिनीचे निर्णय अजून घ्यायचे आहेत; तेथे भाड्याच्या घरांची अट आताच घातली तर चालेल, पाच वर्षांनी घालू म्हटले तर जमीन उरलेली नसेल.

प्लेगने १८९८ मध्ये बंगळुरूला गाठले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या, हवेशीर वसाहतींच्या वाढीला गती दिली. मुंबईत त्याच वर्षी सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्या प्रयत्नांत वर्गभेद होते, चुका होत्या, परंतु रोगराई आणि राहणी यांचा संबंध राज्यकर्त्यांना उमगला होता. आज संकट साथीसारखे एकाएकी येत नाही. ते दर महिन्याच्या भाड्यातून, अनामतीतून, दोन तासांच्या प्रवासातून हळूहळू वसूल होते, म्हणून त्याला प्लेगाइतकी निकड लाभत नाही. पुढच्या मेट्रो मार्गिकेचा प्रकल्प अहवाल मंजुरीला येईल तेव्हा त्यात स्थानकांच्या यादीशेजारी आणखी एक रकाना असावा : या मार्गालगत भाड्याची किती घरे, कोणत्या उत्पन्नासाठी, कोणाच्या जमिनीवर. तो रकाना भरल्याशिवाय प्रकल्पाला मंजुरी देऊ नये.